क्रेडिट कार्ड: बिनव्याजी उधारीपासून चक्रवाढ कर्जापर्यंत

लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर, जाडी ०.७६ मिलिमीटर. जगातल्या कुठल्याही बँकेचं कार्ड घेतलं तरी मापं हीच भरतात, कारण ती आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेली आहेत. म्हणूनच साताऱ्यात मिळालेलं कार्ड टोकियोतल्या यंत्रात नेमकं बसतं. भारतात वापरात असलेल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ मध्ये १० कोटींच्या पुढे गेली. इतक्या लोकांच्या पाकिटात असलेल्या या वस्तूचं एक वैशिष्ट्य मात्र फार थोड्यांना नीट समजलेलं असतं. एकाच बँकेचं, एकाच नियमांचं कार्ड एका माणसाला जवळजवळ पन्नास दिवस फुकट पैसे वापरू देतं आणि त्याच्या शेजाऱ्याला वर्षाला चाळीस टक्क्यांहून महाग कर्जात लोटतं. दोघांत फरक असतो तो फक्त महिन्याच्या बिलातली कोणती रक्कम भरली याचा. तो फरक कसा पडतो आणि कर्ज झालंच असेल तर ते कसं फेडावं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात कार्डापासूनच करायला हवी.

सोळा आकडे, एक पट्टी, एक चिप

कार्डावरचा क्रमांक वाटेल तसा दिलेला नसतो. पहिला अंक कार्डाचं जाळं, म्हणजे पेमेंट नेटवर्क, सांगतो: ४ असेल तर व्हिसा, ५ असेल तर बहुधा मास्टरकार्ड, ३७ ने सुरुवात असेल तर अमेरिकन एक्सप्रेस. सुरुवातीच्या सहा किंवा आठ अंकांवरून कार्ड देणारी बँक ओळखता येते. मधले अंक तुमचं खातं दाखवतात आणि शेवटचा अंक आधीच्या सगळ्या अंकांचा पहारेकरी असतो.

हा पहारा कसा चालतो ते कागद-पेन्सिल घेऊन पाहता येतं. ४१११ ११११ ११११ ११११ हा क्रमांक यंत्रणांच्या चाचणीसाठी जगभर वापरतात. उजवीकडून मोजत दर दुसरा अंक दुप्पट करायचा. दुप्पट करून दोन आकडी संख्या आली तर तिचे अंक एकमेकांत मिळवायचे. इथे ४ चे ८ होतात आणि सात एकांचे प्रत्येकी २, म्हणजे १४. न बदललेले आठ एक उरतात, त्यांचे ८. बेरीज ८ + १४ + ८ = ३०. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला, तर क्रमांक बरोबर. एक अंक जरी चुकीचा टाइप झाला तरी बेरीज बिघडते आणि बँकेला विचारण्याआधीच संगणक चूक पकडतो. हान्स पीटर लून या आयबीएमच्या संशोधकाने ही रीत शोधली, तिचं पेटंट १९६० मध्ये मिळालं आणि आजही रोजच्या कोट्यवधी व्यवहारांत ती चालू आहे.

मागची काळी पट्टीही आयबीएममधलीच. १९६० च्या दशकात फॉरेस्ट पॅरी हा अभियंता चुंबकीय फितीचा तुकडा प्लास्टिकच्या कार्डावर चिकटवण्याच्या खटपटीत होता. कुठलाही गोंद लावला की फीत सुरकुतायची किंवा त्यावरची नोंद बिघडायची. घरी आल्यावर त्याने ही अडचण इस्त्री करत असलेल्या पत्नीला, डोरोथियाला सांगितली. इस्त्रीनेच चिकटवून बघ, असं ती म्हणाली. इस्त्रीची उष्णता नेमकी पुरेशी निघाली आणि पट्टी बसली.

पट्टीतली माहिती कायम एकच राहते, त्यामुळे ती चोरून दुसऱ्या कार्डावर उतरवता येते. सोनेरी चिपने ही उणीव भरून काढली. चिप हा एक छोटा संगणकच असतो आणि तो प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करतो. कालचा आकडा आज चालत नाही, म्हणून तो चोरूनही उपयोग होत नाही. ऑनलाइन खरेदीत असंच संरक्षण टोकनमुळे मिळतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानदार संकेतस्थळांना ग्राहकाचा मूळ कार्ड क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्यांच्याकडे फक्त पर्यायी क्रमांक राहतो, आणि तो दुसऱ्या संकेतस्थळावर चालत नाही.

बिनव्याजी दिवसांचा खर्च कोण करतं?

दुकानातल्या यंत्राला कार्ड लावलं की माहिती आधी दुकानदाराच्या बँकेकडे जाते, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यावरून तुमच्या बँकेकडे. तुमची बँक कार्ड चालू आहे का, मर्यादा शिल्लक आहे का, व्यवहार संशयास्पद वाटतो का, हे तपासते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. हे सगळं पावती छापायला लागणाऱ्या वेळेच्या आत उरकतं.

दुकानदाराला मात्र पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून साधारण दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क कापलं जातं आणि त्यातला मोठा वाटा तुमच्या बँकेकडे येतो. बिनव्याजी दिवसांचा आणि रिवॉर्ड पॉइंटांचा खर्च बराचसा या शुल्कातून निघतो. उरलेली मोठी कमाई होते ती बिल पूर्ण न भरणाऱ्यांच्या व्याजातून. वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीचा काही भार कर्जात अडकलेला ग्राहक उचलत असतो, हे वास्तव दोघांनीही लक्षात घेण्याजोगं आहे.

न्यूयॉर्क, फ्रेझ्नो, मुंबई

१९५० मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक मॅकनमारा आणि राल्फ श्नायडर यांनी डायनर्स क्लब सुरू केला. कार्ड पुठ्ठ्याचं होतं आणि शहरातल्या मोजक्या उपाहारगृहांत चालायचं. महिनाअखेर सगळं बिल चुकतं करावं लागे, थोडं आता आणि थोडं नंतर अशी सोय नव्हती. वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखाच तो व्यवहार होता, फक्त वही एक आणि दुकानं अनेक.

खरा बदल सप्टेंबर १९५८ मध्ये झाला. बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डं टपालाने घरोघर पाठवली. लोकांनी ती मागितली नव्हती. या कार्डात नवीन सोय अशी होती की बिलाचा थोडा भाग भरून उरलेली रक्कम व्याजाने पुढच्या महिन्यात ढकलता येई. योजनेचा प्रमुख जोसेफ विल्यम्स याचा अंदाज होता की ४ टक्के ग्राहक थकबाकीदार होतील. प्रत्यक्षात हे प्रमाण २२ टक्क्यांवर गेलं, फसवणुकीचे प्रकारही भरपूर झाले आणि बँकेला मोठा तोटा सोसावा लागला. तरीही बँकेने योजना सोडली नाही. १९७६ मध्ये तेच कार्ड ‘व्हिसा’ झालं. न मागता कार्डं पाठवण्यावर अमेरिकेत १९७० मध्ये बंदी आली. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार भारतातही तशीच बंदी आहे.

भारतात डायनर्स क्लब आला १९६१ मध्ये, काली मोदी यांच्या पुढाकाराने. १९८० मध्ये मुंबईच्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने ‘सेंट्रलकार्ड’ काढलं. १९९० च्या दशकात परदेशी आणि नव्या खासगी बँकांनी हा बाजार वाढवला. २०१२ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने देशी जाळं ‘रुपे’ आणलं आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं. त्यामुळे भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवरही आता उधारीने पैसे देता येतात. सोय मोठी आहे, पण खात्यातले पैसे आणि बँकेचे उसने पैसे एकाच ॲपमधून जातात, तेव्हा आपण कर्ज काढतो आहोत हे सहज विसरलं जातं.

पन्नास दिवस आणि त्यांची अट

समजा, तुमचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि ते भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५ आहे. १६ जूनला केलेली खरेदी १५ जुलैच्या बिलात येते आणि तिचे पैसे ५ ऑगस्टपर्यंत द्यायचे असतात. म्हणजे ५० दिवस बिनव्याजी. तीच खरेदी १५ जुलैला केली तर जेमतेम २१ दिवस मिळतात. म्हणून मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, असं जाणकार सांगतात.

ही सवलत एका अटीवर मिळते: बिलातली ‘टोटल अमाउंट ड्यू’, म्हणजे एकूण देय रक्कम, मुदतीत पूर्ण भरली पाहिजे. ती भरली नाही तर बिनव्याजी मुदत मागाहून रद्द होते. व्याज ५ ऑगस्टपासून लागत नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत केलेल्या प्रत्येक नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे ठाऊक नसल्यामुळे लोक म्हणतात, ‘‘एवढं कसं काय आलं?’’

कार्डाने एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी मुदत मुळातच मिळत नाही. त्याच दिवसापासून व्याज आणि वर काढल्याचं शुल्क. अगदीच जिवावरचा प्रसंग सोडला तर हा मार्ग टाळावा.

‘किमान रक्कम’ भरल्यावर काय होतं

एकूण रकमेच्या खाली बिलात आणखी एक आकडा असतो: ‘मिनिमम अमाउंट ड्यू’, बहुधा एकुणाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. ती भरली की विलंब शुल्क लागत नाही आणि खातं थकीत ठरत नाही. व्याज मात्र चालूच राहतं.

२० जूनला कुणी ४०,००० रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं आणि ५ ऑगस्टला फक्त किमान २,००० रुपये भरले, असं धरू. बऱ्याच बँकांचा दर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असतो. आपण साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ टक्के घेऊ. उरलेल्या ३८,००० रुपयांवर २० जून ते १५ ऑगस्ट या ५६ दिवसांचं व्याज होतं सुमारे २,४४९ रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४४१. दोन हजार भरले, २,८९० वाढले. पुढच्या बिलात बाकी दिसते ४०,८९० रुपये, मशीनच्या किमतीपेक्षाही जास्त.

आता हाच हिशोब लांबवू. नवीन एक रुपयाही खर्च करायचा नाही आणि ४०,००० च्या बाकीवर दर महिन्याला इमानेइतबारे पाच टक्के भरत राहायचं. जीएसटी धरून व्याज पडतं महिन्याला ४.१३ टक्के. पाचातले चार टक्क्यांहून जास्त व्याजातच जातात. बाकी निम्म्यावर, म्हणजे २०,००० वर यायला सुमारे ६४ महिने लागतात. या सव्वापाच वर्षांत भरलेली एकूण रक्कम होते जवळपास ९७,००० रुपये, आणि २०,००० अजून देणं उरलेलंच.

त्याऐवजी दरमहा ठरावीक ५,००० रुपये भरले तर? दहा महिन्यांत कर्ज संपतं आणि एकूण भरणा होतो साधारण ४९,५०० रुपये. व्याजदर तोच, बाकी तीच. फरक पडतो तो हप्ता बाकीसोबत लहान होत न गेल्यामुळे. किमान रक्कम दर महिन्याला थोडी कमी होत जाते, ग्राहकाला हायसं वाटतं आणि त्यामुळेच फेड लांबते.

व्याजाला बांध

व्याजाला मर्यादा असावी हा विचार आपल्याकडे जुना आहे. ‘दामदुपट’ हा हिंदू कायद्यातला नियम मुंबई इलाख्यात इंग्रजी न्यायालयांनीही मानला. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, असा तो नियम. सावकारी कर्जाचा जाच असह्य झाला तेव्हा मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले. शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं आणि हिशोबाच्या वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कर्जखतावरच्या आकड्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

महिना साडेतीन टक्क्यांनी, व्याजावर व्याज धरत गेलं, तर मुद्दल वीस महिन्यांत दुप्पट होतं. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीला त्यासाठी दहा वर्षं लागतात. भारतात कार्डाच्या व्याजदरावर टक्क्यांची ठाम मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला, कारण व्याजदर हा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे. त्यामुळे स्वतःपुरती मर्यादा ग्राहकानेच घालून घ्यायला हवी, आणि त्यासाठी हा हिशोब प्रत्येकाला यायलाच हवा.

कर्ज झालंच असेल तर

पहिलं काम म्हणजे त्या कार्डावरची खरेदी थांबवणं. ॲपमध्ये कार्ड तात्पुरतं बंद करायची सोय असते. जिथे जिथे ते आपोआप पैसे देण्यासाठी जोडलेलं आहे, तिथून काढावं. बाकी असताना घेतलेलं दूधही व्याजाने पडतं.

दुसरं, सगळी देणी एका कागदावर लिहावीत: बाकी किती, दर किती, शेवटची तारीख कोणती. एकाहून अधिक कार्डं असतील तर प्रत्येकावर किमान रक्कम भरून हाताशी उरलेले सगळे पैसे सर्वांत जास्त दराच्या कार्डावर घालावेत. ते फिटलं की तोच हप्ता पुढच्या कार्डाकडे वळवावा.

तिसरं, महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडावं. ४०,००० रुपयांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता बसतो सुमारे १,९२० रुपये आणि एकूण फेड ४६,१०० च्या आसपास. किमान रकमेइतकाच हप्ता, पण दोन वर्षांनी कर्ज शून्य. नोकरदारांसाठी पगारदार सहकारी पतसंस्था हा महाराष्ट्रातला जुना आणि चांगला आधार आहे. सोनेतारण कर्जाचा दरही कार्डाच्या निम्म्याहून कमी असू शकतो. सात टक्क्यांची ठेव जपत ४२ टक्क्यांचं व्याज भरणाऱ्याने ती ठेव मोडणंच शहाणपणाचं. बँकेकडून बाकीचे मासिक हप्ते करून घेता येतात, फक्त दर, प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी आधी विचारून घ्यावेत. या सगळ्यात पथ्य एकच: रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरायचं नाही. नाहीतर जुन्या कर्जाचा हप्ता आणि नवं बिल दोन्ही मानेवर बसतात.

चौथं, ‘सेटलमेंट’ नीट समजून घ्यावी. बँक काही रक्कम सोडून देते आणि खातं बंद करते, पण पत अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढे गृहकर्ज मागताना ती आडवी येते. दुसरा मार्गच नसेल तर लेखी पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बिल थकणं हा स्वतः फौजदारी गुन्हा नाही, म्हणून ‘‘आज भरलं नाही तर पोलीस येतील’’ अशा फोनला घाबरून जाऊ नये. मात्र दिलेला चेक किंवा संमती दिलेलं ऑटो-डेबिट न वटणं ही वेगळी बाब आहे, त्याला कायद्यात शिक्षा आहे. न जमणारी तारीख कबूल करण्यापेक्षा बँकेशी आधी बोलून घेतलेलं बरं.

ग्राहकाचे हक्क

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनी ग्राहकाच्या हाती बरंच काही दिलं आहे. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही किंवा पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत खातं थकीत दाखवता येत नाही. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारता येत नाही. बाकी नसलेलं कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाली नाही तर बँकेने दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांपुढे अपमान यांनाही मनाई आहे. तक्रार आधी बँकेकडे करावी. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनामूल्य नेता येते.

कार्डावर आपण न केलेला व्यवहार दिसला तर तास न् तास विचार करू नये. चूक ना आपली, ना बँकेची असेल आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. आपण स्वतः ओटीपी सांगून बसलो असू तर हे संरक्षण मिळत नाही. फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

पत अहवालही स्वतःच पाहावा. सिबिलसह देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. ३०० ते ९०० मधला गुणांक मुख्यतः वेळेवर भरण्यावर आणि मर्यादेपैकी किती वापरली यावर ठरतो. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहणं हा चांगला दंडक. १ जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती निदान पंधरवड्यातून एकदा पाठवतात, त्यामुळे चूक लवकर दिसते आणि सुधारणाही.

आजच करता येण्याजोगी गोष्ट अगदी छोटी आहे. बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-डेबिटची रचना उघडून पाहावी. तिथे ‘मिनिमम’ निवडलेलं असेल तर ते बदलून ‘टोटल’ करावं आणि पगार झाल्यानंतरची तारीख बिलासाठी मागून घ्यावी. बिलाची तारीख बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिलेला आहे. खात्यात एकूण रकमेइतके पैसे राहतील एवढाच खर्च कार्डावर करायचा, हा नियम पाळला की व्याजाच्या दराशी आपला संबंधच उरत नाही.